राबणाऱ्या हातांची निगा

सुगी आटोपत आली की बेळगाव-खानापूर भागात थंडी उतरते आणि तिच्यापाठोपाठ घरोघरी हात फुटायला लागतात. भातकापणी, मळणी, वैरण रचणे, ऊसतोड, वीटभट्टी ही सगळी कोरडी, खरबरीत कामे नेमकी याच दिवसांत येतात. त्यावर घरची भांडी, धुणे आणि गोठा आहेच. त्याला ना सुगी ना सुट्टी.

पंधरा दिवसांपूर्वी खानापूरकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "काकू, चेहऱ्याला काय लावायचं ते सगळेच सांगतात. आमच्या हातांचं कुणी सांगत नाही. भाकरी थापताना कढत पाणी भेगांत जातं आणि डोळ्यांत पाणी येतं. सासूबाई म्हणतात, कष्टाचे हात असेच असायचे, त्याचं काय एवढं!"

वाचकहो, सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून मी पंचवीस वर्षे काढली. सासूबाईंचे हे वाक्य मी तिथे इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की त्याची मोजदाद नाही. शेतकरी, गवंडी, मासे विकणाऱ्या मावशी, बिडीकामगार बायका सगळेच म्हणायचे, "सिस्टर, हात असेच राहायचे." ताप असेल तर दाखवायचे, हात मात्र पदराआड किंवा पाठीमागे. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. हाताला घट्टा पडणे वेगळे आणि हात फुटणे वेगळे. घट्टा म्हणजे सततच्या घासण्यापासून बचाव व्हावा म्हणून शरीराने जाड केलेली कातडी. तो असला तरी बिघडत नाही. भेग ही मात्र जखम आहे. पायाला कुदळ लागली तर आपण पट्टी बांधतो, मग बोटाला रोज उघडणाऱ्या जखमेलाच "असंच असायचं" का म्हणायचे?

हात का फुटतात?

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेला स्निग्धांश हा चुना. भिंत शाबूत असली की आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे जंतू बाहेर राहतात. चुना धुऊन गेला की विटा सुट्या होतात, ओलावा उडून जातो आणि थर कडक होतो. कडक झालेली कातडी ताणली जात नाही, ती तडकते. म्हणूनच भेगा पडतात त्या हात जिथे वाकतो तिथे. अंगठ्याची कड, बोटांची पेरे आणि नखाशेजारचा भाग या त्यांच्या ठरलेल्या जागा.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चेहऱ्याला, डोक्याला आणि पाठीला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी तळहातावर आणि तळपायावर नसतातच. तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाची एकही नाही. म्हणजे शरीराच्या ज्या भागाला आपण सर्वांत जास्त राबवतो, त्याला स्वतःचे तेल नाही. ते बाहेरूनच द्यावे लागते.

जे थोडेफार स्निग्ध असते तेही आपण धुऊन टाकतो. कातडी स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, तर कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण खारा म्हणजे अल्कधर्मी. सिमेंट तर त्याहून कितीतरी तीव्र. नुसत्या पाण्यानेही हात कोरडे होतात, हे ऐकून आश्चर्य वाटेल. हात वारंवार भिजले आणि वाऱ्यावर वाळले की प्रत्येक वेळी आतला थोडा ओलावाही सोबत जातो. हातावर चिखल वाळतो तेव्हाही तेच होते. भाताच्या काडात आणि तुसात वाळूच्या जातीचा सिलिका हा पदार्थ असतो. त्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात. त्यात थंडीचा कोरडा वारा आला की भेग पडायला एक दिवस पुरतो.

भेग म्हणजे उघडे दार

भेग दुखते हा त्रास झालाच, पण मोठा धोका तिच्यातून आत काय जाते याचा आहे.

रोप लावणीच्या दिवसांत हात तासन् तास चिखलात असतात. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असले तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगांतून आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरू शकतात. कोकणपट्टीत आणि गोव्यात पावसाळ्यात या तापाचे रुग्ण आढळतात. शेतात काम करणाऱ्याला अचानक जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे किंवा पिवळे दिसणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांना "मी चिखलात काम करतो" हे आपणहून सांगा. वेळेत औषध मिळाले तर हा ताप बरा होतो.

दुसरा धोका फवारणीचा. औषध बादलीत कालवताना हात किंवा काठी जे जवळ असेल ते घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. फुटलेल्या हातातून कीटकनाशक अधिक सहज आत जाते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे विसरता येत नाही. फवारणीला रबरी हातमोजेच हवेत. सुती मोजे औषध शोषून घेतात आणि ते दिवसभर कातडीला चिकटून राहते, म्हणून ते घालण्यापेक्षा न घातलेले बरे.

निपाणी भागातल्या भगिनींना तंबाखूचा अनुभव असेल. दवाने ओली झालेली पाने खुडताना निकोटीन कातडीतून आत जाते आणि मळमळ, उलटी, चक्कर सुरू होते. पुष्कळदा पित्त म्हणून सोडून दिले जाते. हातांना भेगा असतील तर हे जास्त होते. चंदगड भागात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलकट चिकाने भाजून काळे पडतात. कामाआधी हाताला तेल चोळण्याची त्यांची जुनी रीत शहाणपणाची आहे, कारण चीक मग थेट कातडीला भिडत नाही. हातमोज्यांची जोड मिळाली तर उत्तमच.

समुद्राकाठचे हात

माझे माहेर वेंगुर्ल्याजवळचे. त्यामुळे हात फुटण्याचा विषय निघाला की मला रापण ओढणारे हात आठवतात. होडीतून अर्धगोलात सोडलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना पंचवीस-तीस माणसे ओढत आणायची. पूर्वी दोर काथ्याचे असत, ते खरखरीत होते. आता नायलॉनचे आले. ते गुळगुळीत दिसतात, पण ओले झाले की कातडीत रुततात.

मासेमारीत हातांवर एकाच वेळी चार गोष्टींचा मारा होतो. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असते. हात वाऱ्यावर वाळला की पाणी उडते आणि मीठ भेगांत राहते. नंतर बर्फ, नंतर खवले आणि काटे. बाजारात बसणाऱ्या मावशींचे हात पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात असतात. कोळंबी सोलणाऱ्यांच्या बोटांची टोके तर सोलून निघतात.

त्यांच्यासाठी पहिला नियम हा, की काम संपले की हात गोड्या पाण्याने धुवायचे, खारे पाणी हातावर वाळू द्यायचे नाही. दुसरा नियम काट्याचा. माशाचा काटा किंवा कोळंबीचे टोक रुतले तर लगेच साबण-पाण्याने धुऊन, काटा आत राहिला नाही ना ते पाहायचे. दोन ते सात दिवसांत तिथे जांभळट लाल सूज आली, कड स्पष्ट दिसत असली आणि आग होत ठणकत असली, तर मासे-मांस हाताळणाऱ्यांना होणारा तो एक विशिष्ट संसर्ग असू शकतो. पेनिसिलीनच्या जातीच्या औषधाने तो बरा होतो, पण औषध डॉक्टरांनीच द्यायला हवे. जखमेनंतर काही तासांतच हात भराभर सुजू लागला, फोड आले किंवा ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर नाहीच नाही. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, तेही आठवून पाहावे.

याच किनाऱ्यावर या दुखण्याचा सर्वांत चांगला जुना उपायही आहे. कोकमाच्या बिया फेकून न देता वाळवायच्या, फोडून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारे तूप गोळा करून त्याचे गोळे वळायचे. हे कोकमाचे तेल. आमच्याकडे मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल म्हणतात. नावाला तेल, पण एरवी ते घट्टच असते. हातावर चोळले की अंगाच्या उबेने विरघळू लागते आणि कातडीवर टिकून राहते. खोबरेल तेल पातळ, लवकर पुसले जाते. हे तसे जात नाही. बेळगावच्या बाजारातही कोकणी वस्तूंच्या दुकानात विचारून पाहा.

रात्रीची दहा मिनिटे

आता मुख्य उपाय. यात महागाचे काही नाही, फक्त क्रम पाळायचा आहे.

हातावर ग्रीस, डांबर किंवा काजूचा चीक असेल तर आधी खोबरेल तेल चोळून चिंधीने पुसून घ्या. रॉकेल, पेट्रोल किंवा धुण्याची पावडर हाताला लावू नका. मग कोमट पाण्यात पाच मिनिटे हात बुडवून ठेवा. कढत पाणी नको, ते उरलासुरला स्निग्धांश काढून घेते. साबण लावायचाच तर अंगाचा, सौम्य आणि थोडासा.

हात टॉवेलने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. ते जरासे दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, कोकमाचे तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. सगळी मेख या दोन-तीन मिनिटांत आहे. तेल कातडीला पाणी देत नाही, ते असलेले पाणी अडवून धरते. कोरड्या ठणठणीत हाताला तेल लावले तर हात नुसता चकाकतो. "इतकं लावते पण गुण येत नाही" म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणी कोरड्या हाताला लावत असतात, असा माझा अनुभव आहे.

पेट्रोलियम जेलीला नाक मुरडू नका. 1872 साली अमेरिकेत व्हॅसलीन या नावाने तिचे पेटंट घेतले गेले. आजही ओलावा अडवण्यात तिच्याइतके स्वस्त आणि भरवशाचे दुसरे क्वचितच आहे. वासाचे, रंगाचे क्रीम फुटलेल्या हाताला उलट झोंबते. घरी राळ, मेण आणि तेलाचे मलम करण्याची रीत असेल तर तेही चालेल.

यानंतर सुती हातमोजे किंवा जुने, धुतलेले सुती पायमोजे हातात घालून झोपा. पहिल्या रात्री घरचे हसतील, हसू द्या. खोल भेग असेल तर ती स्वच्छ करून तिच्यात जेली भरा, कडेची कातडी कोरडी पुसून घ्या आणि भेगेच्या दोन्ही कडा जवळ येतील अशी कापडी चिकटपट्टी आडवी लावा. वाकताना भेग पुन्हा उघडत नाही आणि वेदना तिथल्या तिथे कमी होते. पू असेल तर मात्र पट्टी लावून झाकू नका.

कातडी फारच जाड झाली असेल तर युरिया असलेले मलम औषधाच्या दुकानात मिळते. ते जाड थर मऊ करते, पण उघड्या भेगेवर झोंबते. म्हणून आधी भेगा भरू द्या, मग ते लावा.

चार-आठ दिवसांत झोंबणे कमी होते. पूर्ण भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. दिवसा प्रत्येक धुण्यानंतर चण्याएवढी जेली लावली तर आणखी लवकर.

हे करू नका

लिंबू, चुना-हळद, मीठ यांपैकी काहीही भेगांवर घासू नका. वज्रीने किंवा ब्लेडने कड कापू नका. भेग आणखी खोल जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुकानदाराने "सगळ्यावर चालतं" म्हणून दिलेली मिश्र मलमे लावू नका. त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पुढे कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते दबून पसरते. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच कारणासाठी.

अंगठा उमटत नाही तेव्हा

हात फुटण्याने आता एक नवेच संकट आणले आहे. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि यंत्राने तो ओळखायचाच नाही. ज्यांचे हात सर्वांत जास्त राबले, त्यांचाच अंगठा उमटत नाही. रांगेत तीनदा, चारदा बोट पुसून ठेवणारी म्हातारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना वाटते, आपला अंगठाच पुसला गेला.

तो पुसला गेलेला नसतो. ठशाची नक्षी कातडीच्या आतल्या थरात पक्की असते. वरचा थर झिजला तर नवा थर त्याच नक्षीचा येतो. बहुतेकांच्या बाबतीत, महिनाभर रोज रात्री निगा राखली आणि त्या काळात चुना-सिमेंटपासून बोटे वाचवली, तर ठसा पुन्हा स्पष्ट होऊ लागतो. दुकानात जाताना मात्र बोटाला तेल नको. हात धुऊन, पुसून, किंचित दमट असताना बोट ठेवा. अंगठाच हवा असे नाही, दहाही बोटे नोंदलेली असतात, जे चांगले उमटते ते ठेवावे. एकही जुळत नसेल तर आधार व्यवस्थेत डोळ्यांच्या बुबुळांवरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर आलेल्या आकड्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. तुमच्या दुकानात यातली कोणती चालते ते विचारा. रिकामी पिशवी घेऊन मुकाट्याने घरी परतू नका. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने देता येतात. ते हात बरे झाल्यावर द्यावेत.

दवाखान्यात केव्हा जायचे?

तीन आठवडे नियमाने उपाय करूनही फरक पडला नाही तर. फक्त एकाच हाताला कोंडा आणि खाज असेल तर, कारण ती बहुधा बुरशी असते. जाड, चंदेरी खपल्या निघत असतील तर. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते उपटल्यावर हातांबरोबर मान आणि पापण्याही खाजत असतील तर. सिमेंटचे काम सुरू केले की पुरळ आणि सुट्टीत बरे, असे होत असेल तर.

आणि एक गोष्ट अधोरेखित करून सांगते. जी भेग दुखते तिची माणूस काळजी तरी घेतो. जी दुखत नाही तिची भीती बाळगा. हात कोरडा पडला आहे, घाम येत नाही, चटका बसला तरी कळत नाही, अंगावर कुठे बधिर फिकट चट्टा आहे, अशा वेळी कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. लाज वाटण्याचे कारण नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र बोटे वाकडी होतात. मधुमेहानेही हातापायांना बधिरपणा येतो, तेव्हा साखर तपासून घ्यावी.

घरच्यांसाठी दोन शब्द

हे सगळे वाचून एखादी ताई म्हणेल, "काकू, रात्री लावते, पण पहाटे पाचला पुन्हा शेण आणि भांडी." खरे आहे. बायकांचे हात लवकर बरे होत नाहीत त्याचे कारण औषधात नसते, ते घरच्या कामाच्या वाटणीत असते. भरत आलेली भेग रोज सकाळी साबणाच्या पाण्यात उघडली तर कोणते मलम पुरे पडणार? म्हणून ज्या बाईचे हात फुटले आहेत, तिच्याकडची ओली कामे घरातल्या इतरांनी पंधरा दिवस वाटून घ्यावीत. भांडी मुलाने घासली तर काही बिघडत नाही. ते जमतच नसेल तर आतून सुती आणि वरून रबरी असे दोन मोजे घालून भांडी घासावीत, आणि आतला मोजा ओला झाला की बदलावा.

पुरुष मंडळींनीही "आम्हाला काय लागतंय" म्हणू नये. नांगर आणि थापी धरणाऱ्या हातालाही तेलाची ग्रंथी नसते. आणि पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनीला सांगणे एवढेच, की डबी उघडाल तेव्हा आधी सासूबाईंचे हात पाहा. त्यांच्या भेगा तुमच्यापेक्षा जुन्या असतील. "असंच असायचं" म्हणणाऱ्यांना पुष्कळदा कुणी कधी विचारलेलेच नसते. दोघींनी बसून लावा. पंधरा दिवसांनी काय फरक पडला ते मला जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात टाचांच्या भेगा. अनवाणी चालणाऱ्यांनी आणि मधुमेह असणाऱ्यांनी तो लेख चुकवू नये.